सांगून केलेले प्रेम

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या एका लहान गावात जेकब वेन नावाचा तरुण छोटेसे अतिथिगृह चालवतो. त्याला प्रत्येक वस्तू जागच्या जागी लागते, माणसांनी मनात असेल तेच बोलावे असे त्याला वाटते आणि आपण ऑटिस्टिक आहोत, म्हणजे आपला मेंदू जन्मतःच वेगळ्या रीतीने चालतो, हे तो कोणापासून लपवत नाही. त्याच्याकडे स्वयंपाक्याच्या जागेसाठी ईव्ह ब्राउन येऊन थडकते. ती सव्वीस वर्षांची आहे, हाती घेतलेली बरीच कामे तिने अर्धवट सोडलेली आहेत, तिच्या एका कानात बहुतेक वेळ गाणे चालू असते आणि बोलता बोलता ती भलत्याच विषयावर जाऊन पोहोचते. मुलाखत फसते. थोड्याच वेळात तिच्याच गाडीचा धक्का लागून जेकबचे मनगट मोडते, आणि त्या अपराधी भावनेतून ती त्याच्या स्वयंपाकघराचा ताबा घेते. पुढे जेकबला समजून घेता घेता ईव्हच्या ध्यानात येते की जे शब्द त्याचे वर्णन करतात ते आपलेही वर्णन करत असावेत. टालिया हिबर्ट या ब्रिटिश लेखिकेची 'ॲक्ट युअर एज, ईव्ह ब्राउन' ही कादंबरी २०२१ साली प्रसिद्ध झाली. लेखिका स्वतः ऑटिस्टिक आहे.

ही कादंबरी मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा निव्वळ आनंदासाठी वाचली. ती दोघे एकत्र यावीत असे मला मनापासून वाटत होते, प्रेमकथा असल्यामुळे ती एकत्र येणार हे ठाऊक असूनही शेवटच्या भांडणाच्या वेळी जीव खाली-वर होत होता, आणि पुस्तक मिटल्यावर बराच वेळ चेहऱ्यावर हसू होते. एवढी साधी गोष्ट लेखात मांडावी लागते, कारण अशा पुस्तकाचे नाव काढले की समोरून बहुधा एकच प्रश्न येतो: "मग यातून ऑटिझमबद्दल काय कळते?" प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण इतर कोणत्याही प्रेमकथेला आपण हा प्रश्न विचारत नाही. नायक वकील असला म्हणून वकिलीबद्दल काय कळले, असे कोणी विचारत नाही. ऑटिस्टिक नायक-नायिकेला मात्र वाचकाचे शिक्षण केल्याशिवाय प्रेमात पडण्याची परवानगी नसते.

मराठी वाचकाला हा वाद नवा नाही. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' या प्रश्नावर ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावाने आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चर्चा झाली आणि तिच्यात रंजन हा शब्द हळूहळू खालच्या पायरीवर गेला. वाचनालयातून दर आठवड्याला प्रेमकथा नेणाऱ्या बायकांच्या वाचनाला समीक्षेने फारशी किंमत दिली नाही. म्हणून न्यूरोडायव्हर्जंट, म्हणजे ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो अशा, व्यक्तींवरच्या प्रेमकादंबरीची शिफारस करताना आपण नकळत खांडेकरांच्या बाजूला जाऊन उभे राहतो आणि ती जाणीव वाढवते, समाजाला संवेदनशील करते, असे काहीतरी म्हणू लागतो. माझे म्हणणे असे की या पुस्तकांच्या बाबतीत रंजन हाच गाभ्याचा मुद्दा आहे. एखाद्या माणसाच्या प्रेमाची गोष्ट आपण आतुरतेने वाचतो, ते यशस्वी व्हावे अशी आस धरतो, तेव्हा तो माणूस प्रेम करण्यास आणि प्रेम मिळवण्यास पात्र आहे हे आपण आधीच मान्य केलेले असते. ही मान्यता माहितीपत्रकातून येत नाही. तिच्यासाठी गोष्टीत गुंतावे लागते.

ही मान्यता आपल्याकडे किती दुर्मीळ आहे, हे आपल्या शब्दांवरूनच दिसते. ऑटिझमसाठी मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ संज्ञा 'स्व' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेली असल्यामुळे भाषांतर म्हणून तो चुकीचा नाही, आणि ज्यांनी तो रुळवला त्यांचा हेतूही वाईट नव्हता. तरीही तो उच्चारताच निकाल लागून जातो. जो स्वतःतच मग्न आहे तो दुसऱ्याकडे काय पाहणार, आणि दुसऱ्याकडे जो पाहत नाही तो प्रेम काय करणार? बोलीत तर हा शब्द आत्मकेंद्री माणसाच्या अगदी जवळ जाऊन बसतो. त्यात भर अशी की २ एप्रिलच्या जागतिक स्वमग्नता दिनाच्या निमित्ताने जे लिहिले-दाखवले जाते, त्यात बहुतेक वेळा लहान मूल आणि त्याचे पालक असतात. ते मूल पुढे तिशीत, चाळिशीत पोहोचते, त्याला कोणीतरी आवडू लागते, हा भाग चित्राबाहेरच राहतो.

विज्ञानानेही या समजुतीला बराच काळ आधार दिला. लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञांनी १९४३ साली अकरा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली तेव्हापासून 'माणसांशी नाते न जुळणे' हे ऑटिझमचे मुख्य लक्षण मानले गेले, आणि १९८५ साली बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांच्या गाजलेल्या प्रयोगानंतर इतरांच्या मनात काय आहे हे ऑटिस्टिक व्यक्तींना ओळखता येत नाही, असे सूत्र पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. २०१२ साली डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, या सूत्राला नेमका प्रश्न केला. गैरसमज दोन माणसांमध्ये होतो, मग उणीव एकट्याच्याच खात्यावर का मांडायची? ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही तसे इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन कळत नाही, असे त्याचे प्रतिपादन होते. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कानगोष्टीच्या खेळासारखी रचना होती. एकाने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी शाबूत राहिली तितकीच ती सगळे बिगर-ऑटिस्टिक असलेल्या साखळीतही राहिली. दोन्ही प्रकारची माणसे मिसळलेल्या साखळीत मात्र ती जास्त हरवली.

हिबर्टची कादंबरी मला या प्रयोगाची आठवण करून देते, कारण तिच्यातली दोन्ही माणसे एकाच बाजूची आहेत. याआधी गाजलेल्या 'द रोझी प्रोजेक्ट' या २०१३ च्या ऑस्ट्रेलियन कादंबरीत पत्नीच्या शोधासाठी प्रश्नावली तयार करणारा प्राध्यापक होता. ती वाचतानाही मी हसलो होतो, परंतु त्यातला पुष्कळसा विनोद नायकाला जे कळत नाही ते वाचकाला कळते यावर उभा होता. म्हणजे वाचक आणि लेखक एका खोलीत होते आणि नायक काचेपलीकडे. ईव्ह आणि जेकब यांच्या गोष्टीत काच नाही. जेकब रोखठोक बोलतो तेव्हा इतरांना तो उद्धट वाटतो, पण ईव्हला हायसे वाटते, कारण याच्या बोलण्यामागे काय दडले आहे हे आयुष्यात प्रथमच तिला शोधत बसावे लागत नाही. ईव्हच्या बडबडीने इतर माणसे थकतात, तर जेकब त्या बडबडीतला प्रत्येक शब्द खरोखर ऐकतो आणि त्यातल्या एखाद्या शब्दाचा नेमका अर्थ विचारतो. दोघांच्या सवयी जवळजवळ उलट्या आहेत. तो शिस्तीचा, ती पसाऱ्याची. ऑटिस्टिक माणूस म्हणजे एकच साचा, ही समजूत लेखिकेने एकही व्याख्यान न देता मोडली आहे. त्यांच्यात ताटातूट होते तीही ऑटिझममुळे होत नाही. जेकबला लहानपणी आईवडिलांनी नातलगाकडे सोडले होते, आणि आवडती माणसे आपल्याला सोडून जातात ही भीती त्याच्या मनात तेव्हापासून घर करून आहे. ही भीती कोणालाही असू शकते.

येथे मला एक गोष्ट जरा थांबून मांडायची आहे, कारण माझ्या आनंदाचे मूळ तिच्यात आहे. प्रेमाबद्दलची आपली सर्वोच्च कल्पना न बोलता कळण्याची आहे. ज्ञानेश्वरांच्या 'शब्देंवीण संवादु, दुजेंवीण अनुवादु' या ओळीतला संवाद भक्त आणि विठ्ठलाचा आहे. आपण तो उचलून नवराबायकोच्या गळ्यात घातला. "मला सांगावे लागले तर मग काय उपयोग?" हे वाक्य मराठी घरांत किती वेळा बोलले जात असेल! त्याने ओळखावे, तिने डोळ्यांतून समजून घ्यावे, आणि सांगावे लागले की प्रेम उणे पडले, असा आपला हिशेब आहे. या कादंबऱ्या तो हिशेब उलटा करतात. हेलन होआंग या अमेरिकी लेखिकेची 'द किस कोशंट' ही २०१८ ची कादंबरी घ्या. तिची नायिका स्टेला लेन ही ऑटिस्टिक अर्थमितितज्ज्ञ आहे. शरीरसंबंधाची तिला धास्ती वाटते, म्हणून ती पैसे देऊन मायकेलला नेमते आणि शिकायच्या गोष्टींची यादी, खुणा करण्याच्या चौकोनांसह, तयार करते. पहिल्याच भेटीत ती ताठरते आणि तो तत्काळ थांबतो. पुढे काय चालते, काय चालत नाही, कोणता स्पर्श सहन होत नाही, हे सगळे शब्दांत विचारले जाते आणि शब्दांत सांगितले जाते. इतकी बोलाचाली झाल्यावर प्रेमातली ओढ नाहीशी होईल असे ज्यांना वाटते त्यांनी ही कादंबरी वाचून पाहावी. त्या विचारण्यातूनच ओढ वाढत जाते. समोरच्याने आपल्याला गृहीत धरलेले नाही, यासारखे सुख नाही, आणि ते ऑटिस्टिक नसलेल्या वाचकालाही तितकेच हवेसे वाटते.

त्याच कादंबरीत स्टेला मायकेलच्या व्हिएतनामी आईच्या घरी जेवायला जाते तो प्रसंग मराठी वाचकाला आपल्याच स्वयंपाकघरातला वाटेल. प्लास्टिकच्या भांड्यात गरम केलेले अन्न चांगले नसते असे ती, काहीही वाईट हेतू नसताना, यजमान बाईंना सांगून बसते. होणाऱ्या सासूच्या हातचे नाकारणे! घरातल्या आवाजांनी ती आधीच पिचून गेलेली असते. प्रसंग अवघड आहे, आणि लेखिकेने तो विनोदाने झटकून टाकलेला नाही. स्टेलाची अडचण आणि त्या आईचा अपमान, दोन्ही खऱ्या आहेत. होआंगला या पुस्तकाच्या तयारीसाठी वाचन करतानाच स्वतःचे निदान उलगडत गेले, आणि मला वाटते त्यामुळेच तिला दोन्ही बाजूंना न्याय देता आला.

होआंगची दुसरी कादंबरी, २०१९ ची 'द ब्राइड टेस्ट', तर आपल्या अंगणातच येऊन उभी राहते. तिच्यातला खाय हा ऑटिस्टिक तरुण लग्न करत नाही म्हणून त्याची आई थेट व्हिएतनामला जाऊन त्याच्यासाठी मुलगी शोधून आणते. खायची स्वतःबद्दल पक्की खात्री झालेली असते की आपल्याला प्रेम करता येत नाही. जिवलग माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या डोळ्यांत इतरांसारखे पाणी आले नव्हते, एवढाच त्याचा पुरावा. 'स्वमग्न' हा शब्द जे सांगतो ते या मुलाने स्वतःवर कोरून घेतले आहे. त्याचे दुःख वेगळ्या रीतीने बाहेर पडत होते हे त्याच्या भावाला दिसते, आणि नंतर एझमीला, म्हणजे आणलेल्या त्या मुलीला दिसते. खायला ते सगळ्यांत शेवटी दिसते. तो शेवट वाचताना मी रडलो, आणि त्या रडण्यात आनंद होता.

आता आपल्या कांदेपोह्यांकडे वळू. पाहण्याचा कार्यक्रम ही एक परीक्षा आहे. अनोळखी घर, एकाच वेळी बोलणारी आठ-दहा माणसे, नवे आणि बहुधा टोचणारे कपडे, उत्तर आधीच ठरलेले असलेले प्रश्न, आणि मग गच्चीवर दहा-पंधरा मिनिटांत एकमेकांना 'ओळखून' येण्याची अपेक्षा. ऑटिस्टिक व्यक्तीला जे जे जड जाते ते सारे या एका तासात कोंबलेले आहे, आणि प्रेम टिकवण्यासाठी ज्याची गरज असते त्यातले फारसे काही या तासात दिसत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. नजर खाली ठेवणारी, कमी बोलणारी, विचारले तेवढेच सांगणारी मुलगी आपल्याकडे विनयशील ठरत आली. नजरेला नजर देणे जिला खरोखरच त्रासाचे होते अशी मुलगी या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते, आणि तिला कोणत्या गोष्टीने त्रास होतो हे तिने स्वतःही न ओळखता ती सासरी जाते. मुलगा वेगळा असला तर घरातली वडीलधारी मंडळी धीर देतात, "लग्न झाले, जबाबदारी पडली की होईल व्यवस्थित." म्हणजे लग्न हे औषध, आणि ते ज्या मुलीच्या हातून पाजायचे तिला आजाराचे नावही सांगायचे नाही. अशा लपवाछपवीतून दोन आयुष्ये पोळतात. 'सांगून केलेले प्रेम' ही मला केवळ कादंबरीतली सुखद कल्पना वाटत नाही, त्यामागे हेही कारण आहे.

कायदाही येथे फार मदतीला येत नाही. हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ५ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीपासून अशी अट आहे की वैध संमती देण्यास समर्थ असलेली व्यक्तीसुद्धा 'विवाहास व अपत्यप्राप्तीस अयोग्य' ठरावी इतक्या मानसिक विकाराने ग्रस्त असता कामा नये. घटस्फोटाच्या कलम १३ मध्ये मानसिक विकाराच्या व्याख्येत मनाची अपुरी वाढही धरलेली आहे. दुसरीकडे, विवाहयोग्य वयाच्या प्रत्येक अपंग व्यक्तीला स्वतःच्या मुक्त संमतीने लग्न करण्याचा आणि कुटुंब उभारण्याचा हक्क आहे असे सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००७ सालीच मान्य केला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझमचे नाव स्पष्टपणे आहे. प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्ती विवाहास अपात्र आहे असे कोणताही कायदा म्हणत नाही. पण 'अयोग्य' ठरवण्याचा प्रश्न जेव्हा न्यायालयात येतो, तेव्हा तेथे बसलेल्या माणसांच्या मनात लग्नाला योग्य माणूस कसा असतो याचे एक चित्र असतेच. ते चित्र अधिनियमाच्या शब्दांतून आलेले नसते. ते ऐकलेल्या आणि वाचलेल्या गोष्टींतून आलेले असते.

या कादंबऱ्यांवरचा एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. स्टेलाला उत्तम पगार आहे, ईव्हचे घर श्रीमंत आहे, जेकबचा स्वतःचा व्यवसाय आहे, आणि सगळे छान बोलतात. ज्यांना बोलता येत नाही, ज्यांना रोजच्या जगण्यात दुसऱ्याचा हात लागतो, राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्याखाली ज्यांच्यासाठी वय अठरा उलटल्यावरही पालक नेमले जातात, ते या गोष्टींत कोठे आहेत? ते नाहीत, हे खरे आहे, आणि ती उणीव मोठी आहे. अशा मुलांच्या आईवडिलांनी ही पुस्तके वाचून कडवटपणे बाजूला ठेवली तर मी त्यांच्याशी वाद घालणार नाही. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकाने मतिमंद मुलाच्या आईवडिलांची घुसमट ज्या धीटपणे रंगभूमीवर आणली, तो धीटपणा या हलक्याफुलक्या कादंबऱ्यांत नाही. ती स्थिती वेगळी आणि लेखनाची जातही वेगळी. परंतु या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष असा की आणखी गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत, कमी शब्दांत किंवा पाटीवरच्या अक्षरांवर बोट ठेवून बोलणाऱ्या माणसांच्याही. ज्या आहेत त्या आनंदाने वाचू नयेत, असे त्यातून निघत नाही.

दुसरा आक्षेप असा की असे समजूतदार जोडीदार प्रत्यक्षात नसतात. नसतीलही. पण प्रेमकथेची व्याख्याच मुळी आशादायक शेवटाशी बांधलेली आहे, आणि फडक्यांच्या नायकासारखे देखणे, हुशार, टेनिस खेळणारे तरुण तरी आपल्या चाळीत किती होते? ते स्वप्न मराठी मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या हक्काने पाहिले. तोच हक्क येथे मागितला जात आहे.

म्हणून माझी मागणी प्रकाशकांकडे आणि अनुवादकांकडे आहे. ही पुस्तके मराठीत यावीत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मराठीतल्या ऑटिस्टिक आणि एडीएचडी (लक्ष एकाग्र ठेवणे व स्वस्थ राहणे जड जाणारी मेंदूची ठेवण) असलेल्या लेखक-लेखिकांनी आपल्या गल्लीतल्या, आपल्या लोकलमधल्या, आपल्या कांदेपोह्यांतल्या प्रेमकथा लिहाव्यात. अनुवाद करणाऱ्याला पहिल्याच प्रकरणांत एक अडचण भेटेल. जेकब स्वतःबद्दल जो शब्द सहज वापरतो, त्या जागी 'मी स्वमग्न आहे' असे लिहून पाहावे. जो माणूस समोरच्या मुलीचे अर्धवट सुटलेले वाक्यसुद्धा लक्षात ठेवतो, त्याच्या तोंडी ते वाक्य उभेच राहत नाही. तेथे 'ऑटिस्टिक' हाच शब्द ठेवावा, त्याला तळटीप देऊ नये, मुखपृष्ठावर सामाजिक जाणिवेची चिठ्ठी चिकटवू नये, आणि पुस्तक वाचनालयात प्रेमकादंबऱ्यांच्या कपाटात लावावे.